चीजच्या आठवड्यातली बिस्किटे

धर्मगुरूने बिस्किटांवर लिहावे, हे काही वाचकांना रुचणार नाही. आमच्याकडून संपादकांची अपेक्षा फार तर एखाद्या चिंतनाची किंवा प्रवासवर्णनाची असणार. परंतु गेल्या काही वर्षांत आमच्या धर्मग्रामात आमची ओळख 'बिस्किटवाले फादर' अशी होऊ लागली आहे. संतसणाच्या दिवशी, महिला मंडळाच्या बैठकीनंतर किंवा एखाद्या घरी भेटीला गेल्यावर आम्ही डबा उघडतो आणि मग कृती विचारली जाते. कृती आम्ही आनंदाने सांगतो. मात्र ती सांगताना अर्धी गोष्ट नेहमी गाळत आलो. ती गाळलेली गोष्ट आमच्या दृष्टीने फारशी भूषणावह नाही, म्हणून ती लिहूनच टाकलेली बरी.

आधी बिस्किटे कोणती ते सांगितले पाहिजे. ही गोड नव्हेत. बेकरीतल्या पापुद्र्यांच्या खारीशी यांचा संबंध नाही, आणि नानकटाईशी असेल तर तो केवळ खुसखुशीतपणाचा. मैदा, लोणी, ग्रीक पद्धतीचे खारे चीज, बारीक चिरलेले काळे जैतून, रिगानी नावाची वाळलेली वनस्पती, मिरी आणि वरून तीळ. यात खमीर नसते, त्यामुळे पीठ फुगण्याची वाट पाहावी लागत नाही. तासाभराच्या आत पीठ भिजवण्यापासून डबा भरण्यापर्यंत सगळे उरकते. मिस्सा आणि अंत्यविधी यांच्या मधल्या फटीत आम्ही ती अनेकदा भाजली आहेत.

आमच्या निवासात स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी पहिल्यांदा ती चाखली तेव्हा क्षणभर विचार करून त्या म्हणाल्या, "फादर, ह्यात ओवा घातलाय का?" ओवा घातलेला नव्हता. पण मावशींची जीभ खोटे बोलत नव्हती. रिगानी म्हणजे डोंगराळ भागात उगवणाऱ्या ओरेगानोची ग्रीक जात. फुलोऱ्यावर आली की ती कापून जुड्या बांधतात, उलट्या टांगून वाळवतात आणि हातावर चुरून वापरतात. तिचा उग्र सुवास कार्व्हाक्रॉल नावाच्या द्रव्याचा, आणि ओव्याचा सुवास थायमॉलचा. ही दोन द्रव्ये सख्ख्या भावंडांसारखी आहेत. दोघांतले अणू तेच आणि तितकेच, फरक फक्त त्यांतल्या एका गटाच्या जागेचा. पोटदुखीला ओवा चावायला देणाऱ्या आमच्या आईला हे रसायनशास्त्र कळले नसते, पण करिंथच्या बाजूची एखादी आजी पोटदुखीला रिगानीचा काढा देते हे कळल्यावर तिला मुळीच नवल वाटले नसते.

करिंथचे नाव सहज आले नाही. ही बिस्किटे आम्हांला शिकवणारा मित्र त्याच भागातला. प्राचीन किंख्रिया बंदर जिथे होते, जिथे पौलाने नवस फेडण्यासाठी डोके मुंडवले आणि जिथल्या फिबीची त्याने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात शिफारस केली, त्या किनाऱ्याजवळच्या एका गावात त्याचे घर. आमची त्याची गाठ पडली ती मात्र रोममध्ये. 2001 च्या शरद ऋतूत आम्ही पुढील अभ्यासासाठी तिथे गेलो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर रोमच्या विद्यापीठांत ऑर्थोडॉक्स विद्यार्थ्यांनाही शिष्यवृत्त्या मिळू लागल्या होत्या. अशाच एका शिष्यवृत्तीवर तो आला होता. तेव्हा तो धर्मगुरू नव्हता. त्याची वाङ्निश्चय झालेली वधू गावी वाट पाहत होती, कारण ऑर्थोडॉक्स परंपरेत विवाहित पुरुषाला गुरुदीक्षा मिळते, पण दीक्षेनंतर विवाह करता येत नाही. आज तो दोन मुलींचा बाप आणि आपल्या गावच्या चर्चचा धर्मगुरू आहे.

आमच्या वसतिगृहात प्रत्येक मजल्यावर एक लहान स्वयंपाकघर होते. त्यातला ओव्हन म्हातारा होता. त्याच्या काट्यावर विश्वास ठेवणे म्हणजे स्वतःच्या हाताने बिस्किटे जाळणे. रविवारी संध्याकाळी खानावळ बंद असे, तेव्हा निरनिराळ्या देशांचे आम्ही सहा-सात जण तिथे काहीबाही शिजवीत असू. आमचा मसाला पाहून बाकीचे खिडक्या उघडत. हा ग्रीक मात्र बाजूला उभा राहून मोहरी तडतडताना ऐकत असे. इटालियन भाषा दोघांचीही मोडकी, त्यामुळे वाद फार लांबत नसत. आम्ही त्याला 'करिंथकर' म्हणू लागलो आणि तो आम्हांला 'पाद्रे' म्हणे.

वाद अर्थात होत. एका संध्याकाळी 1054 सालच्या फुटीचा विषय निघाला. रोम आणि कॉन्स्टँटिनोपल यांनी एकमेकांवर घातलेले बहिष्कार पोप पॉल सहावे आणि कुलगुरू अथेनागोरस यांनी 1965 च्या डिसेंबरात मागे घेतले, हे आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले. तो म्हणाला, मागे घेतले हे खरे, पण रविवारी आपण दोघे एका वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेऊ शकत नाही हेही खरे. यावर बोलण्यासारखे काही उरले नाही. त्या फुटीतले एक मोठे भांडण भाकरीवरून झाले होते, हे वाचकांना ठाऊक असेल. लॅटिन ख्रिस्तसभा मिस्सेत बेखमीर भाकर वापरते, ग्रीक ख्रिस्तसभा खमिराची. दोन्ही बाजूंच्या विद्वानांनी त्यावर पानेच्या पाने लिहिली. करिंथकर पुढे बिस्किटांचे पीठ मळताना चेष्टेने म्हणायचा, "यात खमीर नाही म्हणून ती तुमची, आणि तरीही फुगतात म्हणून आमची." बेकिंग पावडरचा असा उपयोग तिच्या निर्मात्यांच्या मनात आला नसेल.

आता 2002 सालाकडे वळले पाहिजे. त्या वर्षी आमचा राखेचा बुधवार 13 फेब्रुवारीला आला आणि ईस्टर 31 मार्चला. ऑर्थोडॉक्स ईस्टर मात्र 5 मे रोजी होता. ग्रीक ख्रिस्तसभेने 1924 साली स्थिर तारखांच्या सणांसाठी नवे कॅलेंडर स्वीकारले, म्हणून त्यांचा नाताळ आपल्याबरोबर 25 डिसेंबरलाच येतो. परंतु ईस्टरची गणना त्या जुन्या ज्युलियन कॅलेंडरने आणि जुन्या चांद्रकोष्टकांनी करतात. त्यामुळे आपला आणि त्यांचा ईस्टर कधी एकाच दिवशी येतो, कधी आठवड्याने, तर कधी थेट पाच आठवड्यांनी. 2002 हे पाच आठवड्यांचे साल होते. परिणामी आम्ही प्रायश्चित्तकाळाच्या मध्यावर पोहोचलो होतो आणि करिंथकराचा उपवास अजून सुरूही झाला नव्हता.

त्यांचा उपवास आपल्यापेक्षा कितीतरी कडक. मांस नाही, मासे बहुतेक दिवशी नाहीत, अंडी, दूध, लोणी, चीज काहीच नाही. नियम काटेकोर पाळणारे सोमवार ते शुक्रवार तेलही वर्ज्य मानतात, ते फक्त शनिवार-रविवारी चालते. एवढ्या मोठ्या त्यागात एकदम उडी घेता येत नाही, म्हणून ती पायरीपायरीने होते. उपवासाच्या आधीच्या आठवड्यात मांस बंद होते, पण दूधदुभते चालते. या आठवड्याला ते चीजचा आठवडा म्हणतात. घरातले उरलेसुरले चीज, लोणी आणि अंडी त्या आठवड्यात संपवायची, पुढे सात आठवडे त्यांना हात लावायचा नाही. खाऱ्या चीजचे जे जे प्रकार करिंथकराची आई करी, ते सगळे याच आठवड्यात होत. आणि त्यांत ही बिस्किटे असत, वेणीसारखी पिळलेली.

15 मार्च, शुक्रवार. संध्याकाळी आमच्या दारावर टकटक झाली. करिंथकर उभा होता, हातात ताटली, ताटलीवर स्वच्छ रुमाल. रुमालाखालून रिगानीचा आणि भाजलेल्या तिळाचा वास येत होता. घरच्या आठवणीने त्याने त्या म्हाताऱ्या ओव्हनशी दोन तास झुंज दिली होती आणि पहिली ताटली तो आमच्याकडे घेऊन आला होता.

आम्ही ती घेतली नाही. त्या प्रायश्चित्तकाळात दोन जेवणांव्यतिरिक्त तोंडात काही टाकायचे नाही, असा आमचा नेम होता. ख्रिस्तसभेचा नियम नव्हे, आमचा स्वतःचा. शुक्रवारी मांस वर्ज्य आहे, चीज नव्हे, हे कोणत्याही शाळकरी मुलाने आम्हांला सांगितले असते. पण महिनाभर नेम न मोडल्याचा एक सूक्ष्म अभिमान आमच्या ठायी साचला होता. आम्ही सौम्यपणे, अगदी हसतमुखाने त्याला सांगितले की हा आमचा उपवासकाळ आहे. "तुमचा अजून सुरू व्हायचा आहे, म्हणून तुझ्या ध्यानात आले नसेल," असेही वर म्हणालो. तो क्षणभर थांबला, रुमाल नीट केला, क्षमा मागितली आणि गेला. दार लावून आम्ही पुन्हा पुस्तकाकडे वळलो. कोणते पुस्तक ते आज आठवत नाही, ताटलीवरच्या रुमालाची निळी किनार मात्र आठवते.

दोन दिवसांनी, रविवारी रात्री, तो पुन्हा दाराशी आला. या वेळी हात रिकामे. तो वाकला आणि म्हणाला, "पाद्रे, मला क्षमा कर." आम्ही गोंधळलो. कशाबद्दल, असे विचारले आणि हसलो. त्याने काही उत्तर दिले नाही, फक्त मान हलवली आणि पुढच्या दाराकडे गेला. त्या रविवारला ऑर्थोडॉक्स परंपरेत क्षमेचा रविवार म्हणतात, हे तेव्हा आम्हांला माहीत नव्हते. त्या संध्याकाळच्या उपासनेत धर्मगुरू लोकांची आणि लोक एकमेकांची क्षमा मागतात, आणि असे मोकळे होऊन दुसऱ्या दिवशी उपवासात पाऊल ठेवतात. समोरच्याने म्हणायचे असते, देव क्षमा करो, आणि मग स्वतः क्षमा मागायची असते. आम्ही यांतले काहीच केले नाही. ईशज्ञानाची पदवी आमच्या खोलीत भिंतीवर टांगलेली होती.

दुसऱ्या दिवशी त्यांचा शुद्ध सोमवार. ग्रीसमध्ये त्या दिवशी लोक माळावर जाऊन पतंग उडवतात आणि तिळाची लागाना नावाची चपटी भाकरी खातात. आपल्याकडच्या संक्रांतीचीच आठवण यावी. करिंथकराने वसतिगृहाच्या गच्चीवर वर्तमानपत्राचा पतंग केला, तो उडाला नाही.

मग आमचा ईस्टर आला. जागरणाची उपासना, पहाटेपर्यंत घंटा, सेंट पीटरच्या चौकातली गर्दी. चाळीस दिवसांचा नेम पूर्ण झाला होता आणि आमचे मन पिसासारखे हलके झाले होते. त्या हलक्या मनाला त्या ताटलीची आठवण झाली. आम्ही ठरवले की आज आपण त्याला तीच बिस्किटे करून द्यायची. सामान शनिवारीच आणून ठेवले होते. कृती त्याच्याकडून तुकड्या-तुकड्याने ऐकली होती. दुपारभर खपून आम्ही चाळीसेक बिस्किटे भाजली. पिठात चमचाभर मीठ घातले, कारण पिठात मीठ घालतात एवढे आम्हांला माहीत होते. ते चीज मिठाच्या पाण्यात मुरलेले असते, जैतूनही मिठाच्या पाण्यातलेच, हे लक्षात घेतले नाही. चव पाहावी हेही सुचले नाही, कारण पहिले बिस्किट त्याने खावे अशी आमची इच्छा होती.

त्याने दार उघडले. आम्ही मोठ्याने म्हणालो, प्रभू उठला आहे! त्याने आमच्याकडे पाहिले, ताटलीकडे पाहिले, आणि तेच उत्तर दिले जे ग्रीक लोक देतात, खरोखरच उठला आहे. मग एक बिस्किट उचलले आणि आमच्यासमोर पूर्ण खाल्ले. आणखी एक घेतले. "छान झाली आहेत," म्हणाला. खोलीत त्याच्या टेबलावर पावाचा तुकडा आणि वाटीत उकडलेले हरभरे होते. ते आम्ही पाहिले, पण त्यातून आम्हांला काही कळले नाही. खोलीवर परतून आम्ही एक बिस्किट तोंडात टाकले आणि थुंकून टाकले. समुद्राचे पाणी बरे, इतके ते खारट होते.

आम्ही काय केले होते, हे पंधरवड्याने समजले. केरळचे एक सीरो-मलबार धर्मगुरू आमच्याबरोबर शिकत होते. जेवताना सहज ते म्हणाले, तुमचा तो ग्रीक मित्र कमालीचा निष्ठावंत आहे, मोठ्या उपवासात चीजचा कणही खात नाही, वर्गातल्या कोणाच्या वाढदिवसाचा केकसुद्धा त्याने परवा नम्रपणे नाकारला. आमच्या हातातला चमचा तसाच राहिला. चीज, लोणी, अंडे. त्याच्या उपवासाचा तो चौदावा दिवस होता, आणि त्याने एक नव्हे, दोन खाल्ली होती. तीही तसली.

पौलाने याच मित्राच्या पूर्वजांना अन्नाविषयी काय लिहिले, ते आम्ही सेमिनरीत वर्षभर अभ्यासले होते. बंधूला अडखळण होईल असे अन्न खाऊ नये, यावर आम्ही निबंध लिहिला होता आणि त्याला चांगले गुण मिळाले होते. त्या निबंधात आम्ही नेहमी खाणाऱ्याच्या बाजूने विचार केला होता. न खाणाराही दुसऱ्याला दुखवू शकतो, ही बाजू त्यात कोठेच नव्हती.

त्या संध्याकाळी आम्ही त्याच्याकडे गेलो. काय बोलायचे ते जुळवून नेले होते, पण इटालियनमध्ये ते सगळे विस्कटले. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, "तुझा सण होता. तू ताटली घेऊन आला होतास." एवढेच. आपल्या धर्मगुरूला सांगितले का, असे आम्ही विचारले. सांगितले, म्हणाला. ते काय म्हणाले? "त्यांनी विचारले, निदान चांगली तरी होती का?" मग तो हसू लागला. आम्हीही हसलो. चीजच्या आठवड्यातल्या त्या शुक्रवारबद्दल मात्र आम्ही त्या दिवशी काहीच बोललो नाही. बोलायला हवे होते, जीभ वळली नाही.

त्याने तेल चालणारा शनिवार येईपर्यंत आम्हांला थांबायला लावले आणि मग उपवासाची बिस्किटे शिकवली. पाव किलो मैदा, पाऊण चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा मीठ, अर्ध्या वाटीला किंचित कमी जैतुनाचे तेल, पाव वाटी पांढरी वाईन, तीळ, रिगानी. वाईन नसेल तर संत्र्याचा रस चालतो, पण मग चव थोडी गोडसर होते. तेल आधी पिठात चोळायचे, ओल नंतर. लहान कडी करून भाजायची. ही अधिक कडक होतात आणि घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे राहतात. तो म्हणे, ही आमची खरी बिस्किटे, चीजची म्हणजे सुट्टी.

5 मे च्या मध्यरात्री तो उपासनेहून परतला, तो पेटती मेणबत्ती हाताच्या आडोशाने सांभाळीत. ग्रीक लोक पुनरुत्थानाची ज्योत चर्चमधून घरी नेतात आणि तिच्या काजळीने दाराच्या चौकटीवर क्रूस काढतात. त्याचे घर दूर होते. त्याने स्वयंपाकघराच्या दारावर क्रूस काढला. आमच्या कॅलेंडरप्रमाणे तो पास्काकाळातला सहावा रविवार होता आणि ईस्टरचा उत्साह ओसरून परीक्षेची धास्ती सुरू झाली होती. त्याने लाल रंगवलेले एक अंडे आमच्या हातात दिले, स्वतःचे त्यावर आपटले. आमचे फुटले. वसतिगृहाच्या व्यवस्थापकांना तो काजळीचा क्रूस पसंत पडला नाही, पण उन्हाळ्यातल्या रंगकामापर्यंत तो तसाच राहिला.

आता कृती, कारण ती न देता हा लेख संपवला तर महिला मंडळ आम्हांला क्षमा करणार नाही. चीजची गोष्ट आधी. त्याचे नाव फेटा. आपल्याकडे फेटा डोक्यावर बांधतात, म्हणून आमच्या युवकांना हा शब्द ऐकताच हसू येते. ग्रीक भाषेत तो 'काप' या अर्थाने इटालियनमधून आला. युरोपात 2002 पासून या नावाला कायद्याचे संरक्षण आहे. ग्रीसच्या ठरावीक प्रदेशांतले, किमान 70 टक्के मेंढीच्या आणि उरलेल्या बकरीच्या दुधाचे, निदान दोन महिने मुरलेले, तेच फेटा. गाईच्या दुधाचे चीज त्या नावाने विकणाऱ्या डेन्मार्कशी वाद युरोपीय न्यायालयात गेला आणि 2022 साली निकाल ग्रीसच्या बाजूने लागला. तेव्हा आपण वसईत जे करतो त्याला फेटा म्हणू नये, निदान आमच्या करिंथकराच्या कानावर जाईल असे म्हणू नये. मोठ्या दुकानांत खरे मिळते, पण महाग असते. एरवी आम्ही घट्ट दाबलेले पनीर मिठाच्या पाण्यात बुडवून दोन दिवस शीतकपाटात ठेवतो आणि वापरताना त्यात चमचाभर आंबट चक्का कुस्करतो. मेंढीच्या दुधाचा उग्रपणा येत नाही, खारट-आंबट चव येते.

पाव किलो मैद्यात चमचाभर बेकिंग पावडर आणि अर्धा चमचा जाडसर मिरपूड. सव्वाशे ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळून पीठ रवाळ करावे. तळहात लावू नये, तळहाताच्या उबेने लोणी वितळते. दीडशे ग्रॅम चीज असे कुस्करावे की ज्वारीएवढे दाणे राहतील. पंधरा काळे जैतून, बिया काढून, बारीक चिरून फडक्यावर कोरडे करावेत. हे कोरडे करणे ज्यांनी टाळले त्यांची बिस्किटे जांभळट आणि मऊ झाली, हे आम्ही दोनदा पाहिले आहे. चमचाभर रिगानी हातावर चुरून. एका अंड्याचा बलक. सगळे एकत्र येईल इतपतच दाबावे, मळू नये. मळल्याने मैद्याला चिवटपणा येतो आणि बिस्किट खुसखुशीत राहत नाही. लागलेच तर चमचाभर दूध. मीठ नाही. हे आम्ही पुन्हा लिहितो, मीठ नाही. पिठाची लांब वळकटी करून वीस मिनिटे शीतकपाटात ठेवावी, अर्ध्या सेंटिमीटरच्या चकत्या कापाव्यात, वर तीळ दाबावेत आणि 180 अंशांवर अठरा ते वीस मिनिटे, कडा बदामी होईतो भाजाव्यात. बाहेर काढल्याबरोबर मऊ लागतात, जाळीवर निवल्या की कुरकुरीत होतात. पावसाळ्यात दुसऱ्याच दिवशी नरम पडतात, त्याला आमच्याकडे उपाय नाही.

उपवासाच्या बिस्किटांची अडचण वेगळीच निघाली. जैतुनाच्या तेलाची बाटली उघडली तेव्हा मावशी मागे सरकल्या. त्या तेलाचा वास त्यांनी आयुष्यात एकदाच जवळून घेतला होता, नवऱ्याच्या आजारपणात तैलाभ्यंगाच्या संस्काराच्या वेळी. ते खाण्याच्या पिठात ओतायचे त्यांना पटेना. आम्ही समजावले की बिशपमहोदय पवित्र आठवड्यात आशीर्वादित करतात ते तेल वेगळे, हे दुकानातले. त्यांनी मान डोलावली, पण आजही ती बाटली त्या उचलत नाहीत. तेल आम्हीच ओततो.

2002 नंतर दोन्ही ईस्टर अनेकदा एकाच दिवशी आले, 2004, 2007, 2010, 2011, 2014 आणि 2017 साली. दर वेळी पत्राने किंवा फोनने शुभेच्छा दिल्या-घेतल्या. मग 2025 साल आले. ईस्टरच्या तारखेबद्दल सर्व ख्रिस्तसभांनी एकमत करण्याचा प्रयत्न 325 साली ज्या निकेया परिषदेत झाला, तिला 1700 वर्षे होत होती आणि नेमक्या त्याच वर्षी 20 एप्रिलला दोघांचा ईस्टर एकत्र आला. पोप फ्रान्सिस तारीख कायमची एक व्हावी असे पुन्हा पुन्हा सांगत होते. त्या रविवारी दुपारी आम्ही दोन ताटल्या भाजल्या, एक चीजची आणि एक तेलाची.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोप फ्रान्सिस यांच्या निधनाची बातमी आली. चर्चची घंटा वाजवायला सांगून आम्ही खोलीत बसलो होतो, तोच फोन वाजला. करिंथकर होता. त्याने आधी पुनरुत्थानाचे अभिवादन केले, ग्रीकमध्ये, आणि आम्ही आम्हांला येते तसे उत्तर दिले. मग म्हणाला, सकाळच्या उपासनेनंतर गावातल्या लोकांनी तुमच्या पोपसाठी मेणबत्त्या लावल्या. बराच वेळ कोणी बोलले नाही. त्या शांततेत, तेवीस वर्षांनी, आम्ही त्या शुक्रवारची गोष्ट काढली. निळ्या किनारीचा रुमाल, आमचा नेम, आमचे ते वाक्य. आणि क्षमा मागितली.

"देव क्षमा करो," तो म्हणाला. मग थोडे थांबून, "ती ताटली मी द्वारपालाला दिली. त्याने सगळी खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी आणखी मागितली."

पलीकडे कुणीतरी त्याला जेवायला बोलवत होते, बहुधा त्याची पत्नी. फोन ठेवण्यापूर्वी त्याने विचारले की काल बिस्किटे केलीस का. केली, असे सांगितले.

"मीठ घातलेस?"